रक्तवाढीचे सलाईन आता सहज मिळते. पण ते कोणाला, कुठे आणि कशासाठी?

"डॉक्टर, गोळ्या नकोत. ते रक्त वाढवायचे सलाईन लावून द्या ना, एकदाच काय ते होऊन जाईल."

गेल्या दोन-तीन वर्षांत ही मागणी दवाखान्यात बरीच वाढली आहे. कधी सातव्या महिन्यातली गरोदर स्त्री हे विचारते, तर कधी तिची सासू. कधी अंगावरून जास्त जाते म्हणून थकून गेलेली चाळिशीतली बाई असते, तर कधी 'अशक्तपणा'साठी वडिलांना घेऊन आलेला मुलगा. शेजारणीचे हिमोग्लोबिन एका सलाईनमध्ये वाढले, मग आमचे का नाही, असा साधा हिशेब त्यामागे असतो.

हे सलाईन म्हणजे शिरेतून दिले जाणारे लोह. औषध चांगले आहे. योग्य माणसाला योग्य ठिकाणी दिले तर बाळंतपणातला मोठा धोका टळतो, रक्त चढवण्याची वेळ येत नाही. मात्र ते 'ताकदीचे सलाईन' नाही. लोह कमी आहे हे सिद्ध झाल्याशिवाय, ते का कमी झाले हे शोधल्याशिवाय आणि अ‍ॅलर्जी उठली तर सांभाळायची तयारी असल्याशिवाय ते लावू नये. आज हे औषध पूर्वीपेक्षा कितीतरी सहज मिळते, म्हणूनच या तीन गोष्टी घरोघरी माहीत असायला हव्यात.

हे इंजेक्शन एवढे का दिसू लागले?

पहिले कारण म्हणजे गरज. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये अ‍ॅनिमिया आढळला. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हा आकडा ५३ टक्के होता. म्हणजे कार्यक्रम राबवूनही आकडा खाली आला नाही. महाराष्ट्रात तो ४८ वरून ५४ टक्क्यांवर गेला.

दुसरे कारण सरकारी धोरण. २०१८ मध्ये 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तीव्र अ‍ॅनिमिया असलेल्या गरोदर स्त्रियांना, तसेच ज्यांचा अ‍ॅनिमिया गरोदरपणात उशिरा लक्षात आला किंवा ज्यांच्याकडून गोळ्या नियमित घेतल्या जाण्याची शक्यता कमी आहे अशांना, शिरेतून लोह देण्याची तरतूद आहे.

तिसरे कारण बाजारातले आहे. एका बैठकीत मोठी मात्रा देता येणारे 'फेरिक कार्बोक्सीमाल्टोज' (डॉक्टर त्याला एफसीएम म्हणतात) या औषधावरचे भारतातील पेटंट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. त्यामुळे ते बनवण्याची वाट अनेक कंपन्यांना मोकळी झाली आणि तालुक्याच्या गावातल्या छोट्या नर्सिंग होममध्येही ते दिसू लागले.

गरज खरी आहे, धोरण योग्य आहे आणि औषध मिळणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. अडचण एवढीच की औषध पोहोचले त्या वेगाने त्याच्याबरोबर यायला हवी ती शिस्त सगळीकडे पोहोचलेली नाही.

आधी आकडा खरा आहे का ते पाहा

वर दिलेल्या पाहणीतले हिमोग्लोबिन बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर मोजले होते. बोट दाबले की रक्तात पेशींमधले पाणी मिसळते, थेंब नीट भरला नाही की आकडा चुकतो. या पद्धतीने अ‍ॅनिमियाचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते का, यावर तज्ज्ञांमध्ये बराच वाद झाला. पुढे सरकारने अ‍ॅनिमियाची मोजणी कुटुंब पाहणीतून काढून, शिरेतले रक्त तपासणाऱ्या वेगळ्या आहार व जैव-निर्देशांक पाहणीकडे सोपवायचे ठरवले.

हा वाद आकडेवारीचा वाटला तरी तुमच्या घरासाठीही त्यात एक धडा आहे. शिबिरात बोटाला टोचून 'रक्त कमी आहे' असे सांगितले गेले तर ती सूचना समजा, निदान नव्हे. इंजेक्शन ठरवण्याआधी शिरेतून रक्त काढून सीबीसी झालीच पाहिजे.

हिमोग्लोबिन किती असावे? जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये आपल्या मर्यादा पुन्हा जाहीर केल्या. प्रौढ पुरुषात १३, गरोदर नसलेल्या स्त्रीत १२, गरोदरपणाच्या पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ११, तर मधल्या तिमाहीत १०.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर अ‍ॅनिमिया म्हणतात. मधल्या तिमाहीत रक्तातले पाणी वाढल्याने आकडा थोडा खाली येतो, ते नैसर्गिक आहे. पाचव्या महिन्यात १०.८ आले म्हणून घाबरून सलाईनच्या मागे लागण्याचे कारण नाही.

अ‍ॅनिमिया म्हणजे नेहमी लोहाचीच कमतरता नव्हे

आपल्याकडे सर्वांत जास्त आढळते ती लोहाचीच कमतरता, यात शंका नाही. पण हिमोग्लोबिन कमी होण्याची इतर कारणेही तेवढीच खरी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांत लोहाचे इंजेक्शन निरुपयोगी ठरते.

शुद्ध शाकाहारी माणसात बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता बऱ्याचदा दिसते. सीबीसीत लाल पेशी लहान होण्याऐवजी मोठ्या झालेल्या असतील, हातापायांना मुंग्या येत असतील, तर आधी बी-१२ तपासायला हवे. मूत्रपिंडाचा जुनाट आजार, क्षयरोग, थायरॉईड, संधिवात यांतही रक्त कमी होते.

थॅलेसेमिया मायनर हे सर्वांत जास्त फसवणारे कारण. हा आजार नव्हे, आई किंवा वडिलांकडून आलेला एक जनुकीय गुण आहे. यात लाल पेशी लहान दिसतात, हिमोग्लोबिन ९ ते ११ च्या आसपास राहते आणि रिपोर्ट लोहाच्या कमतरतेसारखाच भासतो. पण लाल पेशींची संख्या कमी नसते, उलट जास्त असते आणि फेरिटिन चांगले असते. अशा व्यक्तीला वर्षानुवर्षे गोळ्या दिल्या जातात, आकडा हलत नाही, मग 'गोळ्या लागू पडत नाहीत' म्हणून इंजेक्शन सुचवले जाते. त्या इंजेक्शनने हिमोग्लोबिन वाढत नाही. नको असलेले लोह मात्र शरीरात साठते, कारण जास्तीचे लोह बाहेर टाकायची सोय आपल्या शरीरात नाही. सिंधी, कच्छी, लोहाणा अशा काही समाजांत हा गुण जास्त आढळतो, पण तो कोणातही असू शकतो. एचपीएलसी नावाच्या रक्ततपासणीत तो कळतो. पती-पत्नी दोघांतही हा गुण असेल तर बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के असते, म्हणून ही तपासणी गरोदरपणात लवकर होणे फार मोलाचे आहे.

सिकलसेलचेही तसेच. विदर्भ आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यातल्या कुटुंबांना हा शब्द नवा नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि तपासणी वाढली. सिकलसेलच्या रुग्णाचे रक्त कमी असते ते लाल पेशी लवकर फुटतात म्हणून. लोहाचीही कमतरता आहे हे सिद्ध झाल्याखेरीज त्याला लोहाचे इंजेक्शन देऊ नये.

म्हणून इंजेक्शनच्या आधी सीबीसीबरोबर फेरिटिन ही तपासणी करून घ्यावी. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या कोठाराचा अंदाज. ते ३० पेक्षा कमी असेल तर कोठार रिकामे होत आले आहे, असे साधारणपणे धरतात. अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, तेव्हा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ही तपासणी मदतीला येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात फेरिटिन होत नसेल आणि बाळंतपण जवळ आले असेल, तर डॉक्टर सीबीसी आणि लक्षणांवरून निर्णय घेतात, तेही योग्यच आहे. पण घाई नसताना, हातात वेळ असताना तपासणीशिवाय सलाईन लावून घेऊ नका.

लोह गेले कुठे?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि जिवावर बेतण्याची शक्यता इथेच सर्वांत जास्त असते.

तरुण स्त्रीत बहुधा उत्तर सोपे असते: पाळीत जास्त रक्त जाणे, लागोपाठची बाळंतपणे, आहारात लोह कमी, पोटात जंत. तरीही पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते, गाठी पडतात, दर दोन तासांनी पॅड बदलावे लागते, असे असेल तर सोनोग्राफी करून घ्या. गर्भाशयात गाठ असेल आणि फक्त लोह भरत राहिलो, तर ते तळाला भोक पडलेल्या हंड्यात पाणी ओतण्यासारखे आहे.

पुरुषांत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत मात्र लोहाची कमतरता ही धोक्याची घंटा समजावी. त्यांच्या शरीरातून दर महिन्याला रक्त जाण्याची काही वाट नसते. मग लोह कमी झाले असेल, तर बऱ्याचदा जठर किंवा आतड्यातून थेंब थेंब रक्त जात असते. पोटातला अल्सर, गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, मूळव्याध ही कारणे असू शकतात. तसाच मोठ्या आतड्याचा कर्करोगही असू शकतो. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यातला कर्करोग कित्येकदा दुखत नाही, शौचात लाल रक्तही दिसत नाही. पहिली खूण असते ती फक्त थकवा आणि कमी झालेले हिमोग्लोबिन.

साठीतल्या गृहस्थाचे हिमोग्लोबिन ८ आहे, धाप लागते, असे समजा. कोणी एक सलाईन लावले. महिन्याभरात हिमोग्लोबिन १०.५ झाले, चेहरा तरतरीत दिसू लागला, घरचे खूश झाले. सहा महिन्यांनी पुन्हा ८. पुन्हा सलाईन. औषधाने आपले काम चोख केले, पण त्या वर्षभरात आतड्यातली गाठ वाढत राहिली. दुर्बिणीची तपासणी पहिल्याच वेळी झाली असती तर कदाचित लहानशा शस्त्रक्रियेवर भागले असते. म्हणून घरातल्या ज्येष्ठांना लोहाचे इंजेक्शन सुचवले गेले, तर 'एंडोस्कोपी किंवा कोलोनोस्कोपीची गरज आहे का?' हे नक्की विचारा. मूळव्याध आहे म्हणून रक्त कमी आहे, असे स्वतःच ठरवून टाकू नका.

गोळी पुरेशी केव्हा असते?

बहुतेकांना गोळीच पुरते. ती स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि सुरक्षित आहे. गोळी 'लागू पडत नाही' असे वाटते, तेव्हा बऱ्याचदा ती पोटातच गेलेली नसते किंवा चहाबरोबर गेलेली असते.

• गोळीच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी नको. लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घेतली तर उत्तम.
• कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकाच वेळी नको. एक सकाळी, एक रात्री.
• मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. थोडी कमी शोषली जाईल, पण न घेण्यापेक्षा बरे.
• गरोदर नसलेल्यांना सौम्य कमतरतेत एक दिवसाआड गोळी दिली तरी चालते. एक मात्रा घेतली की शरीर दुसऱ्या दिवशी लोह कमी शोषते, असे अभ्यासांत दिसले आहे. गरोदरपणात मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोजच घ्या.
• गोळीने शौच काळी होते, ते निरुपद्रवी आहे.

इंजेक्शन गोळीपेक्षा प्रत्येक बाबतीत सरस आहे, असेही नाही. भारतातल्याच चार सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मध्यम ते तीव्र अ‍ॅनिमिया असलेल्या सुमारे दोन हजार गरोदर स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली, ती २०१९ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये प्रसिद्ध झाली. काहींना शिरेतून आयर्न सुक्रोज दिले, काहींना गोळ्या. बाळंतपणातल्या गंभीर गुंतागुंतींच्या बाबतीत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. याचा अर्थ इंजेक्शन निकामी आहे असा नव्हे. नीट घेतलेली गोळीही पुष्कळ काम करते, हा त्याचा अर्थ आहे.

इंजेक्शनची खरी गरज कोणाला?

• गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हिमोग्लोबिन बरेच कमी असेल आणि गोळीला काम करायला वेळच उरला नसेल तर.
• हिमोग्लोबिन ५ ते ६.९ असेल तर. अशा गरोदर स्त्रीला शिरेतून लोह द्यावे आणि शेवटच्या तिमाहीत तिला चोवीस तास तज्ज्ञ डॉक्टर असलेल्या रुग्णालयात दाखल करावे, असे सरकारी सूचना सांगतात. ५ च्या खाली गेले तर इंजेक्शनची वाट न पाहता रुग्णालयात रक्त चढवावे लागते.
• महिनाभर गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन १ ग्रॅमनेही वाढले नाही तर. आधी निदान पुन्हा तपासून, मग इंजेक्शन.
• गोळ्या खरोखरच सोसत नसतील, सतत उलट्या होत असतील तर.
• आतड्याचे सूज येणारे आजार, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचा जुनाट आजार, डायलिसिस, काही हृदयरोगी, पाळीत खूप रक्त जाणाऱ्या स्त्रिया आणि बाळंतपणात जास्त रक्त गेलेल्या बाळंतिणी. बाळ अंगावर पीत असेल तरी इंजेक्शन देता येते, दूध थांबवावे लागत नाही.

काहींना ते देऊ नये किंवा लांबवावे. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करावा, कारण मोकळे लोह जंतूंनाही पोसते. पूर्वी लोहाच्या इंजेक्शनने गंभीर अ‍ॅलर्जी झालेल्यांना ते पुन्हा देऊ नये. दमा, एक्झिमा, औषधांची अ‍ॅलर्जी, संधिवात किंवा ल्युपस असलेल्यांत धोका थोडा जास्त असतो, ते डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि हिमोग्लोबिन १२-१३ असताना 'तरतरी यावी', 'केस गळतात', 'चेहऱ्यावर तेज यावे' म्हणून लोहाचे सलाईन घेणे तर पूर्णपणे टाळा.

कोणते इंजेक्शन, किती?

आपल्याकडे प्रामुख्याने दोन वापरली जातात. आयर्न सुक्रोज हे जुने, भरवशाचे आणि सरकारी रुग्णालयांत वापरले जाणारे. एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅम, आठवड्यात जास्तीत जास्त तीन वेळा. दुसरे एफसीएम. ते वजनानुसार एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत, सुमारे १५ मिनिटांत देता येते. एका आठवड्यात त्याहून जास्त देत नाहीत.

मात्रा अंदाजाने ठरवायची नसते, त्यासाठी सोपा हिशेब आहे: वजन गुणिले हवे असलेले आणि असलेले हिमोग्लोबिन यांतला फरक गुणिले २.४, अधिक कोठारासाठी ५००. समजा, ५० किलो वजनाच्या गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ७ आहे आणि ते ११ करायचे आहे. ५० × ४ × २.४ म्हणजे ४८०, अधिक ५००, एकूण ९८० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोजच्या पाच बैठका किंवा एफसीएमची एक.

शहरातून दर दोन दिवसांनी येणे जमत असेल तर आयर्न सुक्रोज पुरेसे आहे. वीस किलोमीटरवरून, मजुरी बुडवून येणाऱ्या बाईला पाच फेऱ्या सांगितल्या की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर ती येत नाही आणि उपचार अर्धवट राहतो. तिच्यासाठी एका बैठकीचे औषध हाच व्यवहार्य मार्ग असतो.

कमरेत म्हणजे स्नायूत दिली जाणारी लोहाची जुनी इंजेक्शने आता टाळावीत. ती खूप दुखतात, त्वचेवर काळा डाग पडतो आणि लोह सावकाश, बेभरवशाने शोषले जाते.

देताना काय काळजी घ्यायची?

लोहाच्या इंजेक्शनची भीती जुन्या आयर्न डेक्स्ट्रानच्या काळातली आहे. त्याने जीवघेणी अ‍ॅलर्जी होत असे. आजच्या औषधांत तशी अ‍ॅलर्जी अत्यंत विरळ आहे, पण शून्य नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये सर्व शिरेतल्या लोहांचा आढावा घेतला. हे औषध फक्त अशाच ठिकाणी द्यावे जिथे गंभीर अ‍ॅलर्जी ओळखणारे आणि सांभाळणारे प्रशिक्षित लोक व साधने आहेत, आणि दिल्यावर रुग्णावर किमान ३० मिनिटे लक्ष ठेवावे, असे तिने सांगितले. आधी थोडे टोचून पाहण्याची 'टेस्ट डोस' पद्धत भरवशाची नाही, असेही स्पष्ट केले. टेस्ट डोस सोसला म्हणजे पुढे काही होणारच नाही, अशी खात्री देता येत नाही.

म्हणून घरातल्या खाटेवर, कोणाला तरी बोलावून हे सलाईन लावून घेऊ नका. ठिकाण छोटे असले तरी चालेल, पण तिथे डॉक्टर हजर हवेत, ऑक्सिजन हवा आणि अ‍ॅड्रिनलिन हाताशी हवे. सुई लावण्याआधी रक्तदाब व नाडी मोजली गेली पाहिजे. औषध फक्त साध्या नॉर्मल सलाईनमध्येच मिसळतात. ग्लुकोजमध्ये किंवा दुसऱ्या 'ताकदीच्या' इंजेक्शनबरोबर एकाच बाटलीत ते नको.

सलाईन चालू असताना शंभर-दोनशे जणांत एखाद्याला चेहरा लाल होणे, छाती किंवा पाठ आवळल्यासारखी वाटणे असा त्रास होतो. रक्तदाब ठीक असतो, श्वासात शिट्टी वाजत नाही. ही खरी अ‍ॅलर्जी नसते. सलाईन थांबवले की बहुधा काही मिनिटांत ते शमते आणि मग सावकाश पुन्हा सुरू करता येते. अशा वेळी घाईने अ‍ॅलर्जीविरोधी फेनिरामिनचे इंजेक्शन दिले तर झोप येते, रक्तदाब घसरतो आणि साधा त्रास गंभीर दिसू लागतो. पण ओठ-जीभ सुजणे, अंगभर गांध्या, धाप, घशात आवळणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही खरी अ‍ॅलर्जी. तिथे अ‍ॅड्रिनलिनला पर्याय नाही.

सुईच्या जागी दुखले, फुगले तर लगेच सांगा, 'थोडे सहन करते' म्हणू नका. औषध शिरेबाहेर गेले तर त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि तो बहुधा जात नाही.

घरी गेल्यावर

पुढचे एक-दोन दिवस अंग दुखणे, डोके दुखणे, कणकण वाटणे असे होऊ शकते. पॅरासिटामॉलने ते भागते. ताप चढला, अंगावर पुरळ उठले किंवा श्वास लागला तर परत या.

एफसीएमबाबत आणखी एक गोष्ट गेल्या काही वर्षांत स्पष्ट झाली आहे. काही जणांत त्यानंतर रक्तातले फॉस्फेट घसरते. थकवा कमी होण्याऐवजी वाढला, स्नायू दुबळे वाटले, हाडे दुखू लागली तर ही शंका घ्यावी. ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांत आणि पुन्हा पुन्हा डोस घेणाऱ्यांत हे जास्त दिसते. 'लोह कमी पडले' म्हणून आणखी एक सलाईन लावण्याआधी फॉस्फेट तपासावे.

इंजेक्शनबरोबर लोहाच्या गोळ्या चालू ठेवण्याची गरज नसते. त्या केव्हा पुन्हा सुरू करायच्या हे डॉक्टर सांगतील, पण गरोदरपणात फॉलिक अ‍ॅसिड थांबवू नका. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन तपासा, तोपर्यंत साधारण २ ग्रॅम वाढ दिसायला हवी. वाढले नाही, तर निदान चुकले आहे किंवा रक्त अजून जात आहे. फेरिटिन लगेच तपासू नका, ते काही आठवडे खोटे वाढलेले येते. शिवाय इंजेक्शनमधले लोह आतड्यात जात नाही, त्यामुळे फक्त इंजेक्शन घेतले असताना शौच डांबरासारखी काळी झाली, तर ते आतल्या रक्तस्रावाचे लक्षण समजून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

कार्यक्रमाचे यश कशात मोजायचे?

किती बाटल्या वापरल्या, हा आकडा मोजायला सोपा असतो. पण बाळंतपणाच्या वेळी त्या बाईचे हिमोग्लोबिन किती होते, हा आकडा महत्त्वाचा. नवव्या महिन्यात धावपळ करून दिलेल्या इंजेक्शनला लाल पेशी तयार करायला वेळच मिळत नाही. लोह शरीरात गेल्यावर हिमोग्लोबिन वाढायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून तिसऱ्या महिन्याआधी नाव नोंदवणे, पहिल्याच भेटीत सीबीसी, महिन्याभराने पुन्हा तपासणी आणि गोळीने भागत नाही असे दिसताच सहाव्या-सातव्या महिन्यातच इंजेक्शन, हा क्रम पाळला गेला तरच औषधाचा खरा उपयोग होईल. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिचा फायदा घ्या. एका दिवसात अनेक जणींना सलाईन लावायचे असेल, तर शेवटचीलाही तीस मिनिटे बसवून ठेवण्याइतकी माणसे आणि खाटा हव्यात. नातेवाइकांनीही 'एसटी चुकेल' म्हणून घाई करू नये.

इंजेक्शनला होकार देण्याआधी हे विचारा

१. माझे लोहच कमी आहे, हे कोणत्या तपासणीवरून ठरवले?
२. लोह कमी होण्याचे कारण काय, आणि ते शोधण्यासाठी पुढे काय करायचे?
३. माझ्या बाबतीत गोळी का पुरणार नाही?
४. कोणते औषध, किती मात्रा, किती बैठका? औषधाचे नाव आणि तारीख माझ्या कागदावर लिहून द्याल का?
५. त्रास झाला तर इथे कोण पाहील, आणि मी किती वेळ थांबायचे?
६. पुन्हा रक्त कधी तपासायचे?

हे प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत आणि घाईचे कारणही नसेल, तर इंजेक्शन आठवडाभर पुढे ढकलून आधी तपासण्या करून घ्या. मात्र गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, पायांवर सूज असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी तिला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या.